पेन्सिलीची सही

मनवाला संशोधक व्हायचंय. "म्हंजी नेमकं काय करनार?" आई, मालनबाई, विचारते.

"लोकांना प्रश्न विचारणार."

"त्याचा पगार देत्यात व्हय?"

श्रीगोंद्याजवळच्या एका कॉलेजात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मनवाला प्रकल्प मिळाला : विद्यार्थ्यांमधील उद्योजकीय गुण. प्रश्नावली मार्गदर्शक अवधूत सरांची. 'आपण कधी व्यवसाय केला आहे का?' साठपैकी अठ्ठावन्न जणांनी 'नाही'वर खूण केली. त्यात तिच्याच वर्गातला करणही.

तिने त्याला पार्किंगमध्ये गाठलं. "वाडीतल्या सात घरचं दूध गोळा करून डेअरीला तूच घालतोस ना रे?"

"घालतो की."

"मग 'नाही' का लिहिलंस?"

"अगं, ते दूध हाय. व्यवसाय कोट घालून करत्यात."

मनवाने प्रश्नच बदलला : 'आज कॉलेजला येण्याआधी काय विकलं?' परत साठ जणांना गाठलं. दूध, मेथी, अंडी, कांद्याची रोपं. एकेचाळीस उद्योजक निघाले.

"मेथी?" अवधूत सरांनी अहवाल लांब धरला. "बाळा, पुढच्या आठवड्यात कॉलेज तपासायला समिती येतेय. तिला मेथी दाखवू?"

"मग काय दाखवायचं, सर?"

"ॲप! नवउद्योग! उगाच उद्योजकता कक्ष काढलाय का आपण?"

"त्याला कुलूप आहे, सर."

"उद्घाटन व्हायचंय ना अजून!"

विद्यापीठाला अहवाल पाठवायचा तो शेवटचा दिवस. सही नाही तर वर्ष वाया, आणि पीएचडीचा अर्जही. मनवाने एक कोरी प्रश्नावली काढली.

"सर, एकसष्टावं उत्तर तुमचं घेऊ? प्रश्न सात : तुम्ही धोका पत्करता का?"

सरांनी दाराकडे पाहिलं. "पत्करतो तर!" म्हणत पेन खिशात ठेवलं, टेबलावरची पेन्सिल उचलली आणि अहवालावर झोकात सही केली. "समितीला आवडलं तर वरून पेन फिरवू. नाहीतर खोडरबर आहेच."

मनवा तडक गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. विद्यापीठाला स्कॅन केलेलीच प्रत लागते.

"रंगनाथकाका, जरा डार्क काढा."

"पेन्सिल हाय व्हय ही?" काकांनी चष्मा वर सरकवला, बटण दाबलं. पडद्यावर सरांची सही काळीकुट्ट उमटली. "आता कोन म्हनंल?"

तिने तिथूनच अहवाल पाठवून दिला. मग काउंटरवर टेकून एकसष्टावी प्रश्नावली स्वतःच्याच नावाने भरली.

प्रश्न सात : होय.