गुडघ्याचं बाळंतपण

आईचा गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती: चैतात मोहफुलं वेचायला तिला आपल्या पायांनी जायचं होतं. सावली गावाजवळच्या आमच्या शेताच्या टोकाला मोहाचं झाड आहे. "बाकी काई नाई मांगत," म्हणाली. धानाच्या रोवणीच्या चिखलात जन्म गेला बाईचा, आणि मागून मागितलं काय, तर मोहाखाली बसणं!

उकिडवं बसणं आता विसरा, स्टूल घेऊन जा, असं डॉक्टरनं आधीच बजावलं. टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा हातात घेऊन त्यानं सगळं दाखवलं. मांडीच्या हाडाचं गोल टोक नडगीच्या हाडावर फिरतं आणि सरकतं. मधली गुळगुळीत गादी आईची झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं. लोक म्हणतात, वाटी बदलली. तसं नसतं. दोन्ही हाडांची टोकं तासायची, वरच्यावर धातूचं टोपण, खालच्यावर धातूची पाटी, मध्ये टणक प्लास्टिक. "सांधा मी बसवतो," डॉक्टर म्हणाला, "वाकवायचा आणि सरळ करायचा तुम्ही. दुखलं तरी रोज. एकदा का पाय आखडला, की मग तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

ऑपरेशन झकास झालं. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, रजा संपली. म्हणून कुरखेड्याहून मावशी आली, आईची धाकटी बहीण. तिनं जन्मभर गावातल्या बायांची बाळंतपणं केलेली. तिच्या लेखी टाके ते टाके, पोटाचे असोत की पायाचे. बाईचं अंग कच्चंच. तिनं आईला बाजेवर निजवलं, बाजेखाली शेगडी ठेवली, कानाला फडकं बांधलं आणि गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईला दारातूनच परत पाठवलं, "सव्वा महिना नाई उठत ते." फोनवर मात्र दोघी मला सांगायच्या, मस्त चाललंय.

मी सुट्टीत गेले, तर उशीवर वाकलेला पाय तसाच आखडलेला. सरळ होईना, पुढं वाकेना. मी मावशीवर अशी तुटून पडले की शेजारपाजार गोळा झाला. मावशी पदर तोंडाला लावून उभी. तेवढ्यात आई बाजेवरून म्हणाली, "तिले काऊन बोलून राह्यली? मले मालूम होतं, वाकवा लागते म्हून."

"मग वाकवला का नाहीस?"

"तुह्या जन्माच्या वक्ती पाचवी पुजायच्या आत रोवण्याले गेलती मी. कोणी शेक नाई देल्ला, कोणी हातात ताट नाई देल्लं. हे बहीण देऊन राह्यली होती." मग ओशाळं हसली. "लालूच आली वो."

मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

पुन्हा भूल देऊन वाकवून बघू, असं डॉक्टर म्हणाला. आईनं सरळ नाही म्हटलं. चैतात मोह गळला. मावशी टोपली भरून आणायची आणि आईच्या खुर्चीपुढं ओतायची. आई फुलांतला कचरा काढायची, मधेच ओंजळ नाकाशी न्यायची. झाडापर्यंत ती पुन्हा कधी गेलीच नाही. दरवर्षी चैतात मला मावशीचा नव्यानं राग यायचा, आणि मी तो लपवायचे नाही.

गेल्या थंडीत आई गेली. अस्थी गोळा करताना राखेत तो गुडघा सापडला. टोपण आणि पाटी काळवंडली होती, पण धड होती. मधलं प्लास्टिक जळून गेलं होतं. मावशीनं वैनगंगेच्या पाण्यात दोन्ही तुकडे घासून धुतले, पदरानं पुसले आणि एकावर एक ठेवून हलवून पाहिले. टोपण पाटीवर अलगद मागंपुढं सरकलं.

"हे तं वाकते वो, बाई," ती म्हणाली आणि तिथंच रेतीत बसली. मी उठवायला गेले, तर उठेना.