पेन्सिलीला हात लावायचा नाही

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. नळ सव्वासहाला आला, वीस मिनिटं टिकला. सरजाबाईचा गुडघा दुखतो, तरी पोळ्यांना आली. अवधूतचा पुण्याहून फोन. शनिवारी मुकुल निगेटिव्ह न्यायला येणार म्हणे. मी हो म्हटलेलं नाही.

शेवटच्या वाक्याखाली विमलबाईंनी पट्टीने रेघ मारली. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बाराव्या वर्षी डायरीची सवय लावली होती. आता पंच्याहत्तरी आली तरी एक दिवस सुटलेला नव्हता, पण रेघ मारायची वेळ क्वचितच आली होती.

त्यांचे यजमान व्यंकटराव परभणीत स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवत. मोठा लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं कापड, आणि तळहाताहून मोठी एकेक निगेटिव्ह. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरातल्या लोखंडी कपाटात अशा सहाशे चाळीस निगेटिव्ह कागदी पाकिटांत उभ्या होत्या. गावाला ठाऊक नव्हतं ते असं, की व्यंकटरावांनी फोटो काढला की पुढचं काम विमलबाईंचं असे. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने त्या निगेटिव्हवरच देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या भरत. पेन्सिल लागे तेवढी जागा छापील फोटोत उजळ येई. बावीस वर्षं हे चाललं. पाटीवर नाव एकट्या व्यंकटरावांचं.

मुकुल दिवाळीआधी एकदा येऊन गेला होता. जुने फोटो जमवणाऱ्या कुठल्याशा संस्थेत तो नोकरीला होता. माणूस अदबीचा. त्याने एक निगेटिव्ह खिडकीशी तिरकी धरली आणि म्हणाला, "ही पेन्सिल आधी स्पिरिटने पुसून काढू, आजी. मग स्कॅन करू. खरे चेहरे दिसतील."

"ती पेन्सिल माझी आहे."

"हो ना," तो हसला, "पण फोटो आजोबांचे."

त्या हसण्याचा राग महिनाभर उतरला नव्हता. अवधूतला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, एवढ्या मोठ्या निगेटिव्हचा स्कॅनर आपल्याला परवडणारा नाही. ते फुकट करून देतायत. तू घरी काय करणार आहेस?"

"बघशील," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी त्या रिक्षाने बाजारात गेल्या. छताला बसवतात तो चौकोनी एलईडी दिवा आणला, आणि नंबरप्लेटवाल्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा कापून घेतला. दिव्यावर तो तुकडा ठेवल्यावर उजेड सगळीकडे सारखा पडला. निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं जुनं यंत्र माळ्यावर होतं. ते रिक्षावाल्याकडूनच उतरवून घेतलं, डोकं काढून टाकलं, आणि उरलेल्या उभ्या खांबाला अवधूतचा जुना डिजिटल कॅमेरा तोंड खाली करून बसवला. तो सरळ आहे का पाहायला दिव्यावर आरसा ठेवला. आरशातली लेन्स कॅमेऱ्याच्या पडद्यावर बरोबर मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवत राहिल्या.

निगेटिव्हच्या कडा उचलत होत्या म्हणून वर काच ठेवली, तर फोटोत पाण्यावरच्या तेलासारखी कडी उमटली. काच काढली. काळ्या कार्डशीटची चौकट कापून तिच्यात चारी कडा दाबल्या आणि चौकट दोन बोटं उंच ठेवली, म्हणजे खालच्या ॲक्रिलिकवरची धूळ दिसेना. पंखा बंद. टायमर दहा सेकंदांचा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणी चाललं तरी फोटो हलायचा.

"सरजाबाई, उभ्या राहा!"

"वैनी, श्वास घिऊ का त्योबी बंद करू?"

कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केल्यावर चेहरे स्वच्छ आले. पेन्सिल मात्र कुठेच दिसेना. दिसणार कशी? दिसू नये म्हणूनच तर बावीस वर्षं जीव टाकून केलेलं काम ते. विमलबाई बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसल्या. मग उठून त्यांनी खालचा दिवा बंद केला, टेबललॅम्प बाजूला आडवा ठेवला आणि त्याच निगेटिव्हचा दुसरा फोटो घेतला. आडव्या उजेडात पेन्सिलीची रेघन् रेघ चांदीसारखी चमकली.

तेव्हा प्रत्येक निगेटिव्हचे दोन फोटो घ्यायचे, असं ठरलं.

गुरुवारी हाती आलेल्या पाकिटावर लिहिलेलं होतं, सरजा, वालूर, १९७६. लग्न ठरवताना काढलेला फोटो. विमलबाईंनी सरजाबाईंना हाक मारली. पहिल्या फोटोत सतरा वर्षांची नितळ गालांची मुलगी होती. दुसऱ्यात तिच्या गालांवर ठिपकेच ठिपके चमकत होते.

"ह्ये तर माझे वण! जितल्या तितं हायत की," सरजाबाई स्वतःचा गाल चाचपत म्हणाल्या.

"ती माझी पेन्सिल आहे. पुसली की फोटोत वण दिसतील."

"पुसायलंय कोन?"

शनिवारी मुकुल तीन रिकामी खोकी घेऊन आला. विमलबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि अकरा निगेटिव्हचे बावीस फोटो दाखवले. तो कॅमेऱ्याच्या खांबाकडे पाहतच राहिला.

"हे तुम्ही घरी केलंत? चांगलंच झालंय. पण आजी, आम्हाला खरा चेहरा हवा असतो."

"खरा चेहरा त्यांच्या घरच्या आरशात होता. इथे येऊन त्यांनी हा मागितला. मी दिला."

पोळ्या टाकून सरजाबाई दारात आल्या होत्या. "आन् कुनाला फसवलं न्हाई बरं का. आमच्या मालकांनी मला आदीच इहिरीवर बघितलं व्हतं. माझं त्वांड पुसनारा तू कोन रे?"

मुकुलने अवधूतला फोन लावला आणि विमलबाईंच्या हातात दिला.

"आई, मी त्यांना शब्द दिलाय."

"माझ्या कामाचा शब्द तू दिलास. मला विचारलं होतंस?"

अवधूत हळूच म्हणाला, "नाही विचारलं."

"मग ऐक. निगेटिव्ह या घरातून हलणार नाहीत. हवं तर हे फोटो न्या. दोन्ही न्यायचे, एक नाही. आणि खाली लिहायचं, छायाचित्र व्यंकटराव, पेन्सिल विमल."

"संस्था असं दुसरं नाव लावत नाही, आजी," मुकुल म्हणाला.

"मग संस्थेने घेऊ नयेत. माझं काही अडलेलं नाही. रोज पाच निगेटिव्ह केल्या तर उन्हाळ्यात संपतील."

मुकुलने बावीस फोटोंचा पेनड्राइव्ह घेतला. विचारून सांगतो म्हणाला. खोकी रिकामीच परत गेली. विमलबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि टेबलाशी येऊन बारावी निगेटिव्ह चौकटीत बसवली.

संध्याकाळी त्यांनी डायरीत लिहिलं, निगेटिव्ह घरीच आहेत. ज्वारीचं पीठ उद्यापुरतंच आहे.