त्याच सिनेमाची नवी डिस्क

अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या शेजारच्या काकांकडे एकच जुना इटालियन सिनेमा कॅसेटवर आहे, डीव्हीडीवर आहे आणि ब्लू-रेवरही आहे. नवी आवृत्ती निघाली की ते मागवतात; विचारलं तर "सेल होता" म्हणून विषय बदलतात.

गेल्या महिन्यात त्यांनी धीर करून आम्हा शेजाऱ्यांना तो बघायला बोलावलं. लावण्याआधीच म्हणाले, "थोडा स्लो आहे हं. बोअर झालं तर सांगा."

रिकाम्या चौकात एक बाई नुसती उभी राहते, तो प्रसंग आला. काका पुढे सरकले. "आता तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघा. जुन्या डीव्हीडीत हा दिसायचाच नाही."

"यार, पॉज झालंय का?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले. काका सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी रिमोट उचलला आणि क्रिकेट लावलं. स्वतःच्या आवडीची इतकी लाज वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

परवा दुपारी मी एकटीच गेले. "काका, उरलेला सिनेमा बघायचाय."

मी चेष्टा तर करत नाही ना, हे ते जरा वेळ माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिले. मग त्यांनी डिस्क घातली, आवाज अगदी कमी केला आणि दाराकडे बघत म्हणाले, "कुणी आलं तर बंद करू हं."