पाच नळ्या, एकच दंड

"पाचही नळ्यांत तुमचंच रक्त? पाचही?"

"मग काय भिंतीचं काढू? दर आठवड्याला पाच निरोगी माणसं आणायची कुठून, डॉक्टर? विचारलं की प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काम आठवतं."

"हळू बोला, ताई."

"महिन्यापूर्वीपर्यंत माझ्याइतकं धडधाकट कोण होतं इथं? सांगा ना."

प्रयोगशाळेत तिला म्हणतच ‘ठणठणीत ताई’. सव्वीस वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, पण आजारपणाची रजा एकही नाही. नवरा गेला तेव्हा चार दिवस घरी बसली, तेवढंच. ताईंना शिंकसुद्धा विचारून येते, असं शिपाई म्हणायचा, आणि ती खूश व्हायची.

गेल्या वर्षी रक्तातून कॅन्सर हुडकणारं यंत्र आलं. गाठ हाताला लागण्याआधीच तिचे कण रक्तात सुटलेले असतात. रुग्णाचं रक्त पाच निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून यंत्र ते शोधतं. पाच अशासाठी, की एखाद्यात छुपा रोग निघाला तरी उरलेले चौघे सावरून घेतात. ताईने आपलाच दंड पुढे केला, पाच नळ्या भरल्या आणि पाच वेगळी नावं चिकटवली. लबाडी नव्हती त्यात, गुर्मी होती.

मग पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला.

"आजाऱ्याला आजाऱ्याशी ताडलं तर फरक दिसणार कुठून?" ती म्हणाली. "त्रेसष्ट जणांना आपण ‘काही नाही’ सांगून घरी पाठवलंय. त्या बसड्रायव्हरची बायको माझे हात धरून रडली हो, आनंदाने. सगळ्यांना परत बोलवा."

"तेव्हा तुम्हाला रोग होता कशावरून?"

"फ्रीजरमधली माझी जुनी नळी दुसरीकडे तपासून घेतली. यंत्र आलं त्या पहिल्या महिन्यापासून आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बाहेर गेलं तर विभागाला टाळं लागेल. तुमची नोकरी जाईल. मग उपचार कशाच्या जोरावर? नव्या औषधाच्या चाचणीत मी तुमचं नाव घालतो, आजच घालतो. फक्त तुम्ही..."

"माझे किती दिवस राहिलेत ते मला कळतं. असले रिपोर्ट सव्वीस वर्षं मीच टाईप केलेत. त्या लोकांना अजून वेळ असेल. बोलवणार की नाही?"

तिने पुढे केलेली त्रेसष्ट नावांची यादी डॉक्टरांनी टेबलावर पालथी घातली, मोबाईल खिशात टाकला आणि दार लोटून ते निघून गेले.