साडूंचा बर्फाचा डोंगर

भर मे महिन्यात, सुरतेत, ज्याला थंडी वाजते असा माणूस आख्ख्या गुजरातेत एकच होता आणि तो नेमका माझा साडू होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याकडचे हे गृहस्थ सुरतेजवळच्या सचिन गावी कापडाच्या एका कारखान्यात लूम चालवायचे. सुताच्या व्यापाऱ्याने त्यांना एकदा कॅलेंडर दिले. त्यावर दक्षिण ध्रुवाकडचे एक बर्फाने झाकलेले शिखर होते. वर्ष सरल्यावर साडूंनी तारखा कापून टाकल्या आणि डोंगराला काचेची फ्रेम केली. लाइट गेली की सगळी चाळ ओट्यावर वारा घेत बसायची. हे मात्र आत, चित्रासमोर, शाल पांघरून! पाहुण्याला आधी डोंगर, मग पाणी. ‘‘आठे एक मानूस पोचेल नई शे,’’ म्हणजे इथे अजून एकही माणूस पोचलेला नाही, हे सांगताना अशी छाती फुगवायचे, जसा काही रस्ता यांनीच अडवून धरला होता.

घोटाळा केला माझ्या मेहुणीने. बर्फाचा डोंगर म्हणजे कैलास, हे तिने धरूनच टाकले आणि शिखरावर कुंकू लावले. शेजारच्या गुजराती बेननेही ‘‘आ तो कैलासज छे!’’ म्हणत हात जोडले. सोमवारी बेलही येऊ लागला. साडूंचा नुसता तिळपापड!

‘‘अवं, हाऊ कैलास नई शे! तठे देव नई, मानूस नई. एकला उभा शे, ऱ्हाऊ दे तेले एकला!’’

‘‘मंग महादेव काय गावले जायेल शे का?’’ मेहुणी विचारायची.

रोज सकाळी तिने कुंकू लावायचे आणि कामावर निघताना यांनी ते पुसायचे, अशी कित्येक वर्षे गेली.

एका पावसाळ्यात आमच्या सासूबाईंचा पाय मोडला आणि मेहुणी त्यांच्या सेवेला गावी गेली. साडू एकटेच राहिले. बरेच दिवस झाले तरी तिचे परतायचे चिन्ह नव्हते. मीही सुरतेतच राहायचो; एका सकाळी त्यांचा डबा घेऊन गेलो, तर शिखरावर ताजे कुंकू, जरा वाकडेच लागलेले. साडूंच्या बोटालाही तेच.

‘‘तिनीच सवय लाई ठेयेल शे तेले,’’ ते खाली मान घालून म्हणाले. ‘‘एकला उभा शे बिचारा.’’

थट्टा करायची होती, ती राहूनच गेली.

मेहुणी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहज गेलो, तर दोघांचे भांडण गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आले. साडूंनी कुंकू पुसले होते. मी आत न जाता तसाच माघारी फिरलो. आता ती दोघे गावाकडे असतात. इथे मे महिन्यात लाइट गेली की मला ते भांडण फार आठवते.