रानहंसांच्या मनोऱ्याखाली

न्यूअर्कच्या विमानतळावर अण्णांनी मुकाट्याने बूट काढले, पट्टा काढला, पण हातातली कापडी पिशवी काही केल्या मशीनमध्ये ठेवेनात. आत त्यांची शाळेतली टाचणवही होती. "अहो अण्णा, पलीकडे मिळते लगेच," मी म्हणालो. "आणि नाही मिळाली तर?" शेवटी मागच्या रांगेतली माणसं चुळबुळायला लागली, तेव्हा कुठे ठेवली. पलीकडे मिळाल्यावर उघडून पानं नीट आहेत का तेही पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कराडच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. दरवर्षी सातवीच्या वर्गात ते फळ्यावर आशियाचा नकाशा काढायचे आणि त्यावर पिवळ्या खडूने एक लांबलचक रेघ ओढायचे. चीनमधून निघायचं, वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडत बिहारात, तिथून खाली आपल्या महाराष्ट्रात, आणि फिरून परत. शेकडो वर्षांपूर्वी पोथ्या शोधत आपल्याकडे आलेल्या एका चिनी भिक्षूची ती वाट. रेघ जिथे संपे तिथे अण्णा खडू दाबून ठिपका देत. तो ठिपका म्हणजे चीनची तेव्हाची राजधानी, आजचं शीआन. भिक्षूने नेलेल्या पोथ्या ठेवायला बांधलेला मनोरा तिथे अजून उभा आहे, रानहंसांचा मनोरा म्हणतात त्याला.

२००६च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे जर्सी सिटीला आले. मी विचारलं, "काय बघायचं? नायगारा, वॉशिंग्टन?" ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "शीआन जमेल का रे, श्रीकांत? त्या मनोऱ्यावर चढून एकदा पश्चिमेकडे बघायचंय. एवढं झालं की बास." आयुष्यभरात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, "डन!"

मग काय, मी पडलो आयटीतला. एक्सेल शीट केली. तीन दिवस, अकरा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ आणि बरोबरची खूण करायला रकाना. मुलीच्या शाळेमुळे बायको अश्विनी थांबली. ऑक्टोबरात आम्ही दोघंच निघालो.

शीआनच्या विमानतळावर आमची गाईड उभी होती. नाव लिली, पर्यटकांसाठी घेतलेलं. इंग्रजी स्वच्छ बोलायची. पहिल्या दिवशी तिने आम्हाला शहराच्या तटावर नेलं. तट कसला, वरून चार बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद रस्ताच! लोक त्यावर भाड्याच्या सायकली चालवत होते. अण्णा म्हणाले, "मीपण घेतो." मी म्हणालो, "अण्णा, वेळ नाही." आता आठवलं की कानशिलं तापतात. अर्ध्या तासाने काय बिघडणार होतं?

संग्रहालयात त्या काळचे मातीचे उंट होते, हिरव्या-पिवळ्या झिलईचे, पाठीवर बोचकी आणि दाढीवाले परदेशी व्यापारी. अण्णा एकेका उंटासमोर थांबत होते. तिथून शिलालेखांच्या संग्रहालयात गेलो. एक बाई दगडावर ओला कागद चिकटवून शाईच्या बोळ्याने अक्षरं टिपत होती, टप टप टप. अण्णा तिच्याशेजारी उभे राहिले ते हलेचनात. तिने हसून बोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तीन-चार अक्षरं टिपली आणि शाईची बोटं मला दाखवली. मी घड्याळ दाखवलं.

खाण्याचे हाल होते, पण मजेचे. 'वो ची सू' (मी शाकाहारी आहे) हे वाक्य अण्णांनी वहीत देवनागरीत लिहून पाठ केलं होतं. ते ऐकून वाढपीण आनंदाने मान डोलवायची आणि टोफूवर खिमा पेरून आणायची. शेवटी मशिदीजवळच्या बाजारात 'शीज् पिंग' (पिकलेल्या तेंदूसारख्या फळाची तळलेली गोड पुरी) मिळाली आणि अण्णांनी त्यावरच दोन दिवस काढले. "पुरणपोळीची लांबची बहीण आहे," म्हणाले.

मनोरा मी तिसऱ्या दिवशी ठेवला होता, दुपारी चारला. आधी चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याशी पुरलेलं मातीचं सैन्य, कारण परत गेल्यावर सगळे त्याचेच फोटो मागणार. सैन्य खरंच थक्क करतं, प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा. अण्णा म्हणाले, "एका राजाच्या भीतीपायी केवढा हा खटाटोप!" आणि बाहेर जाऊन डाळिंबं विकणाऱ्या म्हातारीजवळ बसले. तिने फोडून दिलेलं डाळिंब खात दोघं आपापल्या भाषेत खुशाल गप्पा मारत होते.

आणि मी? मी मातीच्या छोट्या शिपायांच्या दुकानात. आता हे आपल्या लोकांनाच कळेल. परदेशातून रिकाम्या हाताने यायचं नाही, आणि एकाला दिलं की दुसऱ्याला द्यायलाच हवं. ऑफिसातले आठ, आमच्या मराठी मंडळातली पाच घरं. तेरा शिपाई घासाघीस करून घेतले, कागदात गुंडाळून घेतले. गाडी निघाल्यावर आठवलं, मंडळाच्या अध्यक्षांना राहिला! ते काय म्हणतील? गाडी वळवली. लिलीने घड्याळाकडे पाहिलं. अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "मनोरा बंद तर होणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "अहो, पाच मिनिटं!"

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला, वर शहराच्या वेशीशी गाड्यांची रांग. आम्ही पोचलो तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर पाटी लागली होती. लिली आत जाऊन विनवून आली. चढणं बंद, उद्या सकाळी आठला उघडेल.

समोर तो मनोरा. सात मजली, मातकट विटांचा, वर निमुळता होत गेलेला. प्रत्येक मजल्याला कमानीची खिडकी. अण्णा मान वर करून बघत होते.

लिली मला म्हणाली, "तुमचं विमान सकाळचं आहे. दुपारचं करून घेता येईल, मी फोन करू?" सोमवारी आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू व्हायची होती. दुपारचं विमान घेतलं तर बीजिंगहून न्यूअर्कचं चुकणार, म्हणजे सोमवारी मी ऑफिसात नाही. मी म्हणालो, "नाही, जमणार नाही." तेवढंच. अण्णांना विचारलंही नाही.

अण्णा म्हणाले, "अरे राहू दे. बाहेरून दिसला की." मग त्यांनी वही काढली, विटेच्या कुंपणाला हात लावला आणि वही त्यावरच टेकवून काहीतरी लिहिलं. मी म्हणालो, "अण्णा, चला, पलीकडे कारंजी आहेत, फुकट आहेत." कारंजी पाहिली. एक्सेलमध्ये बरोबरची खूणही केली, देवा!

परत आल्यावर न्यू जर्सीतच पिस्कॅटवेला मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात अण्णांचं भाषण ठेवलं. हॉल भरला होता. लॅपटॉपवर मी फोटो पुढे सरकवत होतो आणि अण्णा असे रंगले की शाळाच भरली. मनोऱ्याचा फोटो आला तसे निवृत्त डॉक्टर साठेकाका पहिल्या रांगेतून म्हणाले, "सर, वर चढलात की नाही? एवढ्या लांब लेकाने नेलं!"

 सगळे माझ्याकडे बघत होते.

"चढलो ना!" अण्णा म्हणाले. "सात मजले. गुडघे बोलायला लागले, पण चढलो. चारी बाजूंना खिडक्या. पश्चिमेला बघितलं तर रस्ता सरळ जातो, आपल्याकडे येणारा." टाळ्या पडल्या. साठेकाकांनी विचारलं, "वरचा फोटो?" अण्णा म्हणाले, "वर काढू देत नाहीत हो."

ज्या माणसाने पदरचं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना हमखास भोपळा दिला, त्याच्या तोंडची ही वाक्यं.

गाडी टर्नपाइकच्या हमरस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "अण्णा, खोटं का बोललात?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साठे मला नव्हते विचारत, तुला विचारत होते."

डिसेंबरात अण्णा कराडला परतले. गेल्या वर्षी ते गेले. मंडळात अजून कोणी ना कोणी म्हणतं, "वडिलांची इच्छा पुरी केलीस, नशीबवान आहेस." मी थँक्यू म्हणतो.

त्यांची वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तारीख आणि खाली एकच ओळ: 'मनोरा बाहेरून पाहिला. श्रीकांतला घाई होती.' तक्रार नाही, नुसती नोंद. वहीत ते खोटं लिहू शकले नाहीत, म्हणून मीही इथे खरं लिहितो. अण्णा वर चढले नव्हते. चौदावा शिपाई अजून माझ्याच कपाटात आहे, अध्यक्षांना द्यायचा राहूनच गेला.