चूक सांगायला दारी आलेल्या बाई

आदरणीय शशिकलाबाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. या गौरवग्रंथात मोठमोठी माणसं लिहितील. मी आपली मोहर्लीच्या जंगल-सफारीची साधी गाइड, दहावी नापास. पण बाईंबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

आमची ओळख समाजमंदिरात झाली. सकाळच्या सफारीच्या गाड्या परतल्या की दुपारी गाइड व्हायला निघालेल्या आम्हा बायांना बाई इंग्रजी शिकवीत. गाइडच्या निवडीत वनखात्याच्या साहेबांसमोर इंग्रजीतून थोडं तरी बोलावं लागणार होतं, अन् माझं तर तोंडच उघडत नसे.

बाईंची रीतच न्यारी. शब्द पाठ करायचा नाही, आधी त्याचं गाव विचारायचं. एकदा त्यांनी ‘जंगल’ घेतला. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला, हे ऐकून आम्ही चाटच पडलो! मूळ अर्थ ‘घनदाट अरण्य’, असं त्यांनी फळ्यावर लिहून दिलं.

निवडीच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या रखरखत्या उन्हात, बाई माझ्या दारात उभ्या! हातात जाडजूड शब्दकोश. मी विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसले होते. निवडीला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

“मंदा, माझं चुकलं वं. जंगल म्हणजे मुळात कोरडा, विरळ झाडांचा मुलूख. दाट रान हा अर्थ मागाहून आला. इतकी वर्षं मी चुकीचंच शिकवून राह्यली होती.”

“एवढ्यासाठी उन्हात आल्या, बाई? मी तं उद्या जाऊनच नाई राह्यली. चुकलं तं लोकं हसतीन मले.”

“मी चुकली, तं तू हसली का मले?”

मी उठून माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन बाई पुढच्या घरी निघाल्या. वर्गातल्या एकूण एक बाईच्या दारी त्या दिवशी त्या अशाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. साहेबांसमोर मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘जंगल’ची सगळी कुळकथा सांगितली. चार ठिकाणी चुकले, पण थांबले नाही. माझी निवड झाली! आज परदेशी पाहुण्यांना उन्हाळ्यातलं पानझडलं रान दाखवून मी ठणकावून सांगते, हा शब्द आमचा आहे, अन् त्याचा जुना अर्थ हा असा तुमच्यासमोर उभा आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, अन् गुडघेही ठणठणीत राहोत. कारण बाई, माझ्या चुका अजून संपल्या नाहीत. त्या सांगायला दारात तुम्हीच यायचं आहे. माठ भरून ठेवते.